खंजिरी
एक हस्तवाद्य. लाकडी कड्याची एक बाजू कातड्याने मढवितात आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या सैल बसवितात. थाप पडताच चकत्याही वाजतात. साहजिकच डफ व झांज या दोहोंचे काम एकटा वादक करतो. पाश्चात्त्य ड्रमसंचात हेच साधण्यासाठी पायाने दाबावयाच्या पट्ट्यांची योजना करावी लागली.

वऱ्हाडात या वाद्यास प्रतिष्ठा लाभली ती संत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–६८). यावली (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या तुकडोजींनी स्वरचित मराठी व हिंदी भजने खंजिरीवर गाऊन अस्पृश्यता, व्यसने व अंधश्रद्धा यांवर प्रहार केला. टाळ-मृदंगाच्या भजनास साथीदार लागतात. खंजिरीवाला मात्र एकटाही गावच्या पारावर सभा जमवू शकतो, हे तिचे खरे सामर्थ्य. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या आंदोलनातील त्यांची भजने निव्वळ भक्तिपर नव्हती. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. पुढे श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांतून खंजिरी-भजन अमरावती-अकोल्याच्या खेडोपाडी रुजले. पावसाळी हवेत कातडे सैल पडून आवाज बसतो. तेव्हा ते विस्तवावर शेकून घेतात.