सामान्य माणसाचे विमान

विमानाचा इतिहास सांगणाऱ्याचे बोट नेहमी वर वर सरकत जाते. राइट बंधूंपासून निघायचे, दोन महायुद्धांतून जायचे, जेट एंजिनापाशी थोडे थांबायचे आणि शेवटी चंद्रावर उतरायचे, असा हा ठरलेला प्रवास. या वाटेवर एक माणूस मात्र मागे राहून जातो. त्याला लढाई करावयाची नसते, उतारू न्यावयाचे नसतात, कुठे पोहोचावयाचेही नसते. सायंकाळी वारा पडला म्हणजे माळावरून उठावे, दोन घिरट्या घालाव्या, आपले गाव एकदा वरून पाहावे आणि दिवेलागणीच्या आत घरी यावे, एवढीच त्याची मागणी. ही मागणी पुरवण्यासाठी जी लहान, हलकी विमाने निर्माण झाली त्यांच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. श्रोतेहो, हा इतिहास वरवर यंत्रांचा दिसतो; पण त्याच्या मुळाशी एक जुना, अवघड प्रश्न आहे. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची मुभा माणसाला किती असावी, आणि त्याला अडवण्याचा सरकारचा अधिकार नेमका कुठून सुरू व्हावा?

या वंशाचा मूळ पुरुष म्हणून आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याचे नाव घ्यावे लागेल. ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळेवाल्याचा हा मुलगा पॅरिसमध्ये राहून विमाने करीत असे. 1907 ते 1909 या काळात त्याने ‘देम्वाझेल’ नावाचे इवलेसे विमान सिद्ध केले. या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ कुमारिका, आणि दुसरा अर्थ आपल्या पाणवठ्यावर भिरभिरणारा नाजूक चतुर. सांगाड्याला चक्क बांबू वापरलेला, पंखांना रेशमी कापड, आणि पंखाखाली चालकाला बसायला पट्ट्यांची बैठक. विशेष असे की, सांतोस-द्युमाँने या विमानाचे हक्क स्वतःकडे राखले नाहीत. ज्याला करावयाचे त्याने करावे, असे म्हणून त्याने आराखडे मोकळे सोडले, आणि 1910 साली अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने ते छापले. राइट बंधू पेटंटासाठी कोर्टकचेऱ्या करीत होते त्याच दिवसांतली ही गोष्ट आहे.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि विमान सरकारजमा झाले. युद्धानंतर 1925 साली द हॅविलंड यांचे ‘मॉथ’ निघाले व हौशी उड्डाणाचे क्लब सुरू झाले, हे खरे; पण मॉथची किंमत शेकडो पौंडांत. कारकुनाने किंवा शाळामास्तराने ते क्लबच्या कुंपणाबाहेर उभे राहूनच पाहावे.

हे कुंपण मोडायला निघाला तो ऑन्री मिन्ये नावाचा फ्रेंच गृहस्थ. जन्म 1893 चा, गाव सँत. पहिल्या महायुद्धात तो बिनतारी संदेशयंत्रावर काम करीत होता. विमानविद्येचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. नेहमीचे विमान चालवायला हात आणि पाय निरनिराळ्या कामांना लावावे लागतात. हाताने पंखांच्या टोकांच्या फळ्या, पायाने सुकाणू. हे त्याला कधी नीटसे जमले नाही. दुसरा कोणी असता तर आपल्या अंगी हे कौशल्य नाही म्हणून गप्प बसला असता. मिन्येने उलटा निष्कर्ष काढला: दोष माझा नव्हे, यंत्राचा! जे साध्या माणसाला जमत नाही ते यंत्रच चुकीचे आहे. मला हा माणूस आवडतो तो या एका वाक्यासाठी, आणि त्याची भीती वाटते तीही यासाठीच.

त्याने पंखांच्या टोकांच्या फळ्या काढून टाकल्या, पायातले दांडेही काढले. एक पंख पुढे, थोडा वर; दुसरा जवळजवळ तेवढाच पंख त्याच्या लगेच मागे, थोडा खाली; आणि शेपटीला मोठे सुकाणू. हातात एकच दांडा. तो मागे ओढला की पुढचा पंख कलून विमान वर, पुढे ढकलला की खाली. डावीउजवीकडे केला की सुकाणू वळे. बायकोसह सोईसाँजवळच्या एका रानात तंबू ठोकून मिन्ये प्रयोग करीत राहिला, आणि 10 सप्टेंबर 1933 रोजी त्याचे चौदाव्या क्रमांकाचे विमान उडाले. पंखांची लांबी सहा मीटरच्या आतबाहेर, एंजिन मोटारसायकलच्या जातीचे, 17 अश्वशक्तीचे. फ्रान्समध्ये फोर्डच्या सामान्य मोटारीला लोक थट्टेने ‘रस्त्यावरची ऊ’ म्हणत. त्या चालीवर मिन्येने आपल्या विमानाला ‘आकाशातली ऊ’ असे नाव दिले. इंग्रजांना ऊ पचली नाही. त्यांनी तिची पिसू केली. त्या इंग्रजी नावानेच हे विमान जगात ओळखले जाते, म्हणून आपणही पिसूच म्हणू.

1934 साली मिन्येने आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात विमानाचे आराखडे होते, लाकूड कोणते घ्यावे, सरस कसा लावावा, कापड कसे ताणावे हे सारे होते, आणि उडायला कसे शिकावे तेही होते. एकच बैठक असलेल्या विमानात शिक्षक कुठे बसणार? तेव्हा आधी जमिनीवर पळवावे, मग हातभर उडी मारावी, मग थोडी लांब, असे आपले आपणच शिकावयाचे. पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर निघाले आणि ब्रिटनमध्ये एकच लाट उसळली. गॅरेजांत, परसांत, शाळांच्या सुतारशाळांत पिसवा तयार होऊ लागल्या. खर्च शंभर पौंडांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. ऑगस्ट 1935 मध्ये मिन्ये स्वतः आपल्या पिसवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आला. ब्रिटिश हवाई खात्यापुढे पेच पडला. नेहमीच्या कसोट्या लावाव्या तर हे विमान बसत नाही, आणि नाही म्हणावे तर लोक ऐकत नाहीत. खात्याने मधला मार्ग काढला. विमानाच्या पात्रतेचे पूर्ण प्रमाणपत्र न देता नुसते ‘उडण्याची परवानगी’ असे एक निराळे पत्र द्यायला सुरुवात केली. या लहानशा कागदाची आठवण ठेवावी. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आणि मग माणसे मरू लागली.

1936 च्या वसंतात ब्रिटनमध्ये एकामागून एक अपघात झाले. फ्रान्समध्येही झाले. त्यांची तऱ्हा सारखीच होती: विमान नाक खाली करून थोडे झुकते, चालक दांडा मागे ओढतो, आणि विमान वर येण्याऐवजी अधिकच झुकत झुकत जमिनीत शिरते. नवशिके होते म्हणून मेले, असेही म्हणता येईना. मेलेल्यांत लढाऊ दलातले अनुभवी वैमानिक होते. उलट त्यांचा अनुभवच त्यांना दांडा मागे ओढायला लावीत होता.

आता शास्त्रज्ञ कामाला लागले. फार्नबरो येथे 24 फूट व्यासाचा वाऱ्याचा बोगदा नुकताच तयार झाला होता. त्यात अख्खे विमानच उभे करून त्यावर वारा सोडता येई. फ्रान्समध्येही शाले-म्यूदों येथील मोठ्या बोगद्यात तेच झाले. जे आढळले ते ऐकण्यासारखे आहे. दांडा मागे ओढला की पुढच्या पंखाची मागची कड खाली येई व मागच्या पंखाच्या अगदी जवळ जाई. दोहोंमध्ये एक चिंचोळी फट राही. त्या फटीतून वारा जोराने घुसे, आणि मागच्या पंखाची उचलण्याची शक्ती त्यामुळे वाढे. मागचा भाग उचलला गेला म्हणजे नाक खालीच जाणार! विमानाचा तोल थोडासा मागे असला आणि झुकाव एका मर्यादेपलीकडे गेला, की दांडा पुरता मागे ओढूनही सुटका नसे. जो उपाय तोच घात.

दुरुस्ती अवघड नव्हती. पंखांतले अंतर वाढवणे, तोल पुढे आणणे, मागच्या पंखाची कड हलती करणे, एवढ्याने भागत होते. पुढच्या पिसवा अशा सुधारून निघाल्याही. पण लोकांचा विश्वास उडाला होता. 3 ऑगस्ट 1936 रोजी रॅम्सगेट येथे पिसवांची शर्यत झाली. तिला उत्सवापेक्षा निरोपसमारंभाची कळाच अधिक असावी. त्यानंतर ब्रिटनमध्ये परवानगीची पत्रे मिळेनाशी झाली, आणि शंभराहून अधिक नोंदलेल्या पिसवा गोठ्यांत, गुदामांत धूळ खात पडल्या.

मिन्येचा न्याय कसा करावा? त्या काळात त्याला कोणी भोंदू म्हटले. मला ते पटत नाही. त्याने स्वतःच्या विमानात स्वतःचा जीव घातला होता, आणि आपल्या हातात ते सुरक्षित आहे हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. पण एका माणसाच्या हाताचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. जो स्वतः बांधतो, स्वतः उडतो तो विमानाच्या खोडी नकळत सांभाळून घेतो. पुस्तक वाचून दूरच्या गावी बांधणाऱ्याला त्या कोण सांगणार? त्याने सामान्य माणसावर विश्वास टाकला ही त्याची चूक नव्हती. वाऱ्याचा बोगदा अपघातांनंतर आला, आधी आला नाही, ही चूक होती. आणि तिच्यात त्याच्याइतकेच, परवानगी देऊन मोकळे झालेले खातेही भागीदार होते.

युद्धानंतर हौशी लोकांनी शहाणपणाची वाट धरली. ब्रिटनमध्ये 1946 साली अतिहलक्या विमानांची संघटना निघाली. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. आराखडे तपासावयाचे, एकमेकांचे काम पाहावयाचे, अपघात लपवावयाचे नाहीत, अशा रीतीने बंदीच्या जागी देखरेख आली.

पुढचा धक्का स्वयंपाकघरातून बसला. फ्रान्सिस रोगॅलो हे अमेरिकन सरकारच्या विमान-संशोधनशाळेतले अभियंते. ते व त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 साली घरी पंखे लावून, पडद्याच्या कापडाचा एक लवचीक पंख बनवला. त्याला ताठ सांगाडा नव्हता. वाराच त्याला आकार देई. या पंखाखाली लोंबकळून डोंगरावरून तरंगणारे लोक 1960 नंतर जागोजाग दिसू लागले. आता, ज्या सपाट मुलखात डोंगर नाही तेथील माणसाने काय करावे? विस्कॉन्सिनमधल्या जॉन मूडी याने 1975 च्या मार्चमध्ये आपल्या तरंगत्या पंखाला लहानसे एंजिन बांधले, गोठलेल्या सरोवरावर आपल्याच पायांनी धावला, आणि उडाला. 1976 साली ऑशकॉशच्या मेळ्यात त्याने हे हजारोंना दाखवले. पाहता पाहता पायांच्या जागी चाके आली, बैठक आली आणि ‘अल्ट्रालाइट’ नावाची नवी जात जन्मली.

सरकारपुढे पुन्हा तोच 1935 चा पेच. या वेळी दिलेले उत्तर मला अधिक विचाराचे वाटते. 1982 साली अमेरिकेने नियम केला: बैठक एक, रिकाम्या विमानाचे वजन 254 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 115 किलोंपेक्षा कमी, इंधन पाच गॅलन, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या थोडा वर, त्यापलीकडे नाही. उड्डाण दिवसा, आणि दाट वस्तीवर नाही. एवढे पाळा, मग चालकाचा परवाना नको, विमानाचे प्रमाणपत्रही नको. यातली मेख पाहा. इतके हलके आणि इतके हळू विमान पडले तर बहुधा चालकाचेच हाड मोडते, शेजाऱ्याचे छप्पर नाही. सरकारने धैर्य मोजले नाही, कौशल्य मोजले नाही. दुसऱ्याला होऊ शकणारी इजा मोजली आणि तेवढ्याचीच हद्द आखली. स्वतःची मान मोडण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याच्याकडे राहिले.

पण माणूस एका बैठकीवर किती दिवस खूश राहील? बायकोला, मित्राला बरोबर न्यावेसे वाटणारच. आणि दुसरा जीव आला की हद्दही बदलते. म्हणून 2004 साली ‘लाइट स्पोर्ट’ ही मधली पायरी निघाली: बैठका दोन, उडतानाचे एकूण वजन 600 किलोपर्यंत, आणि चालकाला परवाना, मात्र किमान वीस तासांच्या शिक्षणाचा, आणि प्रकृतीची खात्री म्हणून मोटार चालवण्याचा परवाना पुरे. विमानाच्या दर्जाच्या कसोट्या उत्पादकांनी एकत्र बसून ठरवाव्या, अशीही सोय झाली. या वजनाच्या अटीने एक गंमत केली. विमान मजबूत करावे तर ते जड होऊन हद्दीबाहेर जाई! 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकेने ही अट काढून टाकली आणि तिच्या जागी मुख्य कसोटी ठेवली ती किमान वेगाची, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत त्या वेगाची. जे विमान सावकाश उतरते ते माणसाला चुका सुधारायला वेळ देते, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे ही मोकळीक नाही. भारतात मायक्रोलाइटलाही नोंदणी लागते आणि चालकाला परवाना लागतो. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतल्या मुलामुलींनी मात्र हे विमान जवळून पाहिलेले आहे. त्यांच्याकडे आलेली पिपिस्ट्रेल विमाने स्लोव्हेनियातली. युगोस्लाव्हियाच्या काळात त्या कारखान्याची संस्थापक मंडळी दिवस मावळताना चोरून उडत, आणि गावकरी त्यांना वटवाघळे म्हणत; तेच नाव लॅटिन वळण घेऊन कारखान्याला मिळाले. मुंबईत कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने घराच्या गच्चीवर विमान बांधले. ते सहा जणांचे, म्हणजे आपल्या विषयातल्या विमानांहून मोठे; पण गच्चीवर विमान बांधणारा माणूस मिन्येच्याच कुळातला. 2016 साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, आणि उडण्याची परवानगी त्यानंतर वेगळी मिळवावी लागली. तोच तो कागद, ज्याची आठवण ठेवायला मी सांगितले होते.

मिन्ये 1965 साली वारला. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत त्याच्या 1935 च्या जातीच्या पिसवा टांगलेल्या आढळतात. त्यांना उडू देत नाहीत. फ्रान्समध्ये मात्र त्याच्या मुलाच्या कारखान्यातून दोन पंखांचे, एका दांड्याचे अल्ट्रालाइट बाहेर पडले, आणि या घराण्यातल्या विमानांचे मेळावे तिथे अजूनही भरतात. हौशी माणसे गवताच्या मैदानावर ती एका रांगेत उभी करतात, आणि जाणकार पाहुणा प्रत्येक विमानाशी थबकून, दोन पंखांमधले अंतर पुरेसे आहे ना, एवढे आधी पाहून घेतो.