न्यूक्लिओसोममधील डीएनएचे वाकणे : एका वैज्ञानिक मतभेदाचा इतिहास

प्रस्तावना :
मानवी पेशीतील एकूण डीएनएची लांबी सुमारे २ मीटर भरते. त्याला सामावून घेणारे केंद्रक मात्र अवघ्या काही मायक्रोमीटर व्यासाचे असते. हिस्टोन प्रथिनांभोवती घेतलेले वेढे ही या आटोपशीर मांडणीची पहिली पायरी होय. परंतु डीएनए हा ताठ रेणू आहे. सुमारे १५० आधारजोड्यांच्या अंतरात तो सहसा फारसा वाकत नाही. असा रेणू हिस्टोनभोवती सुमारे ८० आधारजोड्यांतच पूर्ण वेढा कसा घेतो, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला.

मतभेदाचा उगम :
अल्ब्रेक्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये हिस्टोनचा शोध लावला. त्याची रचनात्मक भूमिका मात्र १९७४ मध्ये स्पष्ट झाली. त्या वर्षी ओलिन्स दांपत्याने दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोन रेणू व सुमारे २०० आधारजोड्या असे एकक मांडले. १९७५ मध्ये फ्रान्सिस क्रिक व आरन क्लुग यांनी प्रतिपादन केले की, डीएनए सलग वाकत नसून दर २० आधारजोड्यांनी एकदम दुमडतो व मधले भाग सरळ राहतात. सलग वक्रतेची कल्पना याच्या विरुद्ध होती.

पुराव्याची वाटचाल :
क्लुग यांच्या केंब्रिज येथील गटाने १९८४ मध्ये ७ अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना प्रसिद्ध केली. परंतु तीत स्वतंत्र आधारजोड्या दिसत नव्हत्या. १९९७ मध्ये ल्युगर, रिचमंड व सहकाऱ्यांनी झुरिच येथे २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल मारली. १४६ आधारजोड्यांचे १.६५ डावे वेढे स्पष्ट झाले. २००३ मध्ये रिचमंड व डेव्ही यांनी १.९ अँगस्ट्रॉम विभेदनावर दाखविले की, आधारजोड्यांच्या पातळीवरील वक्रता वेढ्यास आवश्यक वक्रतेच्या दुप्पट असते. जेथे अरुंद खाच आतल्या बाजूस वळते, तेथे काही ठिकाणी डीएनए दुमडतो, तर काही ठिकाणी आधारजोड्या आलटून पालटून सरकतात. ही दुमड क्रिक व क्लुग यांच्या कल्पनेइतकी तीव्र नव्हती. तथापि वाकणे सर्वत्र एकसारखे नाही, हे सिद्ध झाले.

समारोप :
या वादात कोणताही पक्ष पूर्णतः विजयी झाला नाही. मात्र त्यातून डीएनए-क्रमाचे एक दुर्लक्षित अंग पुढे आले. कोणता क्रम किती सहज वाकतो, यावर न्यूक्लिओसोमचे स्थान काही अंशी अवलंबून असते व त्या स्थानाचा जनुकांच्या कार्यावर परिणाम होतो. पाठ्यपुस्तकांतील रिळावर गुंडाळलेल्या दोऱ्याची आकृती अध्यापनास सोयीची आहे. परंतु ती वापरताना हा दोरा सर्वत्र सारखा लवचिक नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे अगत्याचे ठरते.