नोशिमाचा झेंडा

गोव्याच्या इतिहासाचे पुस्तक उघडणाऱ्याला ‘कार्ताझ’ हा शब्द कुठे ना कुठे भेटतोच. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात गलबत हाकायचे तर पोर्तुगीजांकडे पैसे भरून हा परवाना घ्यावा लागे. नसला तर मालही जप्त आणि गलबतही जप्त. समुद्र कोणाच्या बापाचा, असे विचारायची सोय नव्हती. मी कारकून माणूस. परवाना, शिक्का, फी, पावती ह्यांतच दिवस जातो. त्यामुळे इतिहास वाचतानाही लढाईच्या आधी परवान्याचा कागदच माझ्या डोळ्यांत भरतो.

तर सांगायची गोष्ट अशी, की ज्या पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर कार्ताझ विकले, त्यांच्याच एका पाद्र्याला १५८६ साली जपानात अगदी तसलाच परवाना मागावा लागला. तोही एका चाच्याकडे! हा पाद्री म्हणजे जपानमधल्या जेसुईटांचा प्रमुख गास्पार कुएल्यो. आणि ज्याच्याकडे मागितला तो नोशिमा नावाच्या चिमुकल्या बेटाचा धनी मुराकामी ताकेयोशी. त्याने पाद्र्यांना आपल्या चिन्हाचा रेशमी झेंडा दिला. हा झेंडा डोलकाठीवर दिसला की वाटेत कोणी अडवायचे नाही, असा त्याचा अर्थ.

ही हकिकत लिहून ठेवणारा लुईस फ्रॉइस हा आपल्याला अगदीच परका नव्हे. लिस्बनचा हा पोरगा १६ वर्षांचा असताना, १५४८ साली गोव्यात उतरला. त्याच वर्षी आंजिरो नावाच्या जपानी माणसाचा गोव्यात बाप्तिस्मा झाला. जुन्या गोव्यात ज्या साव पावलू कॉलेजची आता नुसती कमान उभी आहे, तिथे फ्रॉइस शिकला. १५६१ साली गोव्यातच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि १५६३ साली तो जपानला पोचला. जपानच्या त्या धामधुमीच्या काळाचा एक मोठा साक्षीदार अशा रीतीने मांडवीच्या काठी तयार झाला. आपल्याकडे ह्याची फारशी वाच्यता होत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

हा काळ ‘सेंगोकु’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे आपसांत झुंजणाऱ्या राज्यांचा काळ. १४६७ साली क्योतो शहरात सरदारांचे युद्ध पेटले, ते दहा वर्षे चालले, आणि त्यानंतर शतकभर देशभर जो तो आपापल्या मुलखाचा राजा झाला. सम्राट नावाला, शोगुनही नावाला. ह्या काळावरचे सिनेमे पाहिले तर घोडे, भाले, तलवारी आणि किल्लेच दिसतात. समुद्र दिसत नाही. जपान म्हणजे नुसती बेटे, मग ह्या सरदारांची भांडणे जमिनीवरच कशी राहतील?

नकाशा समोर घ्या. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू ह्या तीन मोठ्या बेटांच्या मध्ये सेतो नावाचा अरुंद समुद्र आहे. लांबी सुमारे ४५० किलोमीटर आणि आत शेकडो बेटे. पश्चिमेकडचा तांदूळ, मीठ, चीन-कोरियाचा माल, सगळे ह्याच वाटेने क्योतो-ओसाकाकडे जायचे. बेटांमधल्या चिंचोळ्या फटींतून भरती-ओहोटीचे पाणी नदीच्या पुरासारखे धावते. नोशिमाच्या भोवती तर त्याचा वेग ताशी १८ किलोमीटरपर्यंत जातो. परक्या तांडेलाचे तिथे काही चालत नाही. ज्याला पाण्याची नस कळली तो मालक. असे मालक म्हणजे मुराकामी घराणे. त्याच्या तीन शाखा होत्या, नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा, आणि तिघींनी नाक्यानाक्यावरची बेटे धरली होती.

त्यांचा धंदा लुटीचा होता का? होता, पण लूट ही पैसे न देणाऱ्यासाठी. एरवी जकात घ्यायची, वाट दाखवायची आणि आपला एक माणूस गलबतावर बसवून द्यायचा. तो माणूस हीच हमी. १४२० साली कोरियाचा वकील सोंग ह्वी-ग्योंग ह्या वाटेने गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की पूर्वेकडच्या चाच्यांचा एक माणूस गलबतावर घेतला तर पश्चिमेकडचे हात लावत नाहीत, आणि पश्चिमेकडचा घेतला तर पूर्वेकडचे. त्याच्या लोकांनी नाण्यांच्या सात माळा मोजून असा एक माणूस घेतला. काय चोख व्यवहार! पुढे माणसाच्या जागी झेंडा आला इतकेच.

हे वाचताना कान्होजी आंग्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत. दस्तक घ्या आणि खुशाल जा, असे तेही म्हणत होते, आणि इंग्रजांच्या दप्तरात ते चाचे ठरले. कार्ताझ देणारा मात्र विजरई! परवाना तोच, फक्त देणाऱ्याच्या पाठीमागे सिंहासन आहे की नाही एवढे पाहायचे. फ्रॉइसनेही ताकेयोशीला जपानमधला सर्वांत मोठा चाचा म्हटले आहे. झेंडा हातात घेऊनच म्हटले आहे, हे विसरू नये.

आता ह्या लोकांच्या तारवांविषयी. सगळ्यांत लहान ‘कोबाया’. ही हलकी, वेगवान होडी टेहळणीला आणि अचानक हल्ल्याला वापरत. मधली ‘सेकिबुने’. ‘सेकि’ म्हणजे नाका, म्हणजे नावातच जकात आली. आणि सर्वांत मोठी ‘आताकेबुने’. ही म्हणजे पाण्यावरचा लाकडी वाडाच. चारी बाजूंनी जाड फळ्यांच्या भिंती, त्यांत बाणांसाठी आणि बंदुकांसाठी भोके, वर कधी कधी किल्ल्यासारखा मजला. आपल्याकडच्या गलबतांना असतो तसा तळाचा कणा त्यांना नसे. रुंद फळ्या जोडून तळ केलेला. शीड प्रवासापुरते. लढाईच्या वेळी डोलकाठी आडवी पाडायची आणि वल्ह्यांवर चालवायचे. लढाईची रीतही जमिनीवरचीच होती. जवळ जायचे, बाण आणि गोळ्या झाडायच्या, आकडे टाकून शत्रूचे तारू ओढायचे आणि उडी घेऊन तलवार चालवायची.

१५५५ साली मोरी मोतोनारीने वादळी रात्री इत्सुकुशिमा बेटावर सैन्य उतरवून आपल्याहून कितीतरी बलाढ्य शत्रूचा फडशा पाडला, तो मुराकामींच्या बळावर. तेव्हापासून मोरी आणि मुराकामी ही जोडी जमली. पण ह्या साऱ्या कथेचा खरा रंग भरतो तो ओसाकाच्या खाडीत.

ओसाकाला तेव्हा इशियामा होंगानजी हा बौद्ध मठ होता. मठ म्हणजे तटबंदीचे शहरच, आणि त्याचे भिक्षू आणि भाविक शस्त्र धरणारे. ओदा नोबुनागा जपान जिंकायला निघाला होता आणि १५७० पासून हा मठ त्याच्या घशात हाडासारखा अडकला. जमिनीकडून त्याने वेढा आवळला. समुद्राची बाजू मात्र उघडी. १५७६ साली मोरींनी मठासाठी तांदूळ भरून आरमार पाठवले. ओदाच्या चरित्रकाराने मोरींकडची तारवे सातशे-आठशे आणि ओदाकडची तीनशेच्या वर दिली आहेत. किझु नदीच्या मुखाशी गाठ पडली. मुराकामींकडे ‘होरोकु’ होते. होरोकु म्हणजे खरे तर धान्य भाजायचे मातीचे भांडे, आपली खापरीच म्हणा ना. तसल्या मातीच्या भांड्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि शत्रूच्या तारवावर भिरकावायची. लाकडी तारवे, वर माणसांची दाटी... काय झाले असेल ते सांगायला नको. ओदाचे आरमार जळून गेले आणि तांदूळ मठात पोचला.

नोबुनागाची गंमत अशी, की तो हरला की चिडण्यापेक्षा विचार करी. त्याने कुकी योशिताकाला बोलावले. हाही शिमा प्रांताचा समुद्री सरदार, म्हणजे शत्रूच्याच जातकुळीचा. १५७४ साली नागाशिमाच्या वेढ्यात त्याने नोबुनागासाठी तारवे आणली होती. त्याला आता हुकूम झाला, की आगीला आणि गोळ्यांना दाद न देणारी जहाजे बांध. इसे प्रांतात एकूण सात प्रचंड जहाजे तयार झाली, सहा कुकीची आणि एक ताकिगावा काझुमासुची. १५७८ च्या उन्हाळ्यात ती कुमानोचा दांडगा समुद्र ओलांडून, वाटेत साइका लोकांच्या होड्यांचा समाचार घेऊन, साकाई बंदरात आली.

हीच ती सुप्रसिद्ध ‘लोखंडी जहाजे’. जगातली पहिली चिलखती जहाजे म्हणून इंटरनेटवर त्यांचे पोवाडे गायलेले आढळतात. आधार काय? नाराच्या एका मठातल्या रोजनिशीत तशी नोंद आहे. जहाजे लोखंडाची आहेत, बंदुकीची गोळी आरपार जाऊ नये म्हणून तशी केली आहेत, लांबी १२-१३ केन आणि रुंदी ७ केन. म्हणजे अंदाजे २३ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद. आणि माणसे किती? पाच हजार! २३ मीटरच्या जहाजावर पाच हजार माणसे आपल्या फेरीबोटवाल्यालाही जमणार नाहीत. नोंद करणारा समुद्रापासून दूर, ऐकीव लिहिणारा, हे इथेच कळते.

ह्याउलट ऑर्गांतिनो नावाचा इटालियन जेसुईट साकाईला जाऊन ती जहाजे प्रत्यक्ष पाहून आला. हाही गोव्यामार्गेच जपानला गेलेला. त्याने लिहिले, की ही जपानमधली सर्वांत मोठी आणि सुंदर जहाजे असून आपल्या राज्याच्या, म्हणजे पोर्तुगालच्या जहाजांसारखी दिसतात, आणि प्रत्येकावर तीन मोठ्या तोफा आहेत. ह्या तोफा आल्या कुठून, ह्याचे त्याला नवल वाटले. लोखंडाचा मात्र त्याने उल्लेखही केलेला नाही. नोबुनागाच्या चरित्रातही लोखंड नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर ठोकतात तशा पट्ट्या मोक्याच्या जागी मारल्या असतील, हे शक्य आहे. पण सगळे जहाज पत्र्याने मढवून कुमानोच्या लाटांतून आणले, हे मला पटत नाही. साक्ष तोलायची झाली तर मी डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या बाजूने. असो.

त्याच वर्षी, जपानी पंचांगाच्या अकराव्या महिन्यात, मोरींची सहाशेहून अधिक तारवे पुन्हा आली. कुकीने घाई केली नाही. होड्यांचा थवा जवळ येऊ दिला आणि मग मुख्य तारवावर तोफा डागल्या. खापऱ्यांचे काही चालले नाही. मोरी मागे फिरले, समुद्राची वाट बंद झाली आणि १५८० साली मठाने शरणागती पत्करली. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची नस ओळखणाऱ्यांना अखेर पैसा, लाकूड आणि तोफा पुरवू शकणारा जमिनीवरचा धनी भारी पडला. मला वाटते, त्या दिवसाचे खरे महत्त्व लोखंडात नाही, ह्यात आहे.

पुढचे पाऊल कागदाचे होते. नोबुनागाचा वारस हिदेयोशी ह्याने १५८८ साली, शेतकऱ्यांची शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला त्याच दिवशी चाचेगिरीबंदीचाही हुकूम काढला. किनाऱ्यावरचे खलाशी आणि कोळी ह्यांची चौकशी करा, त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रे लिहून घ्या, आणि ह्यात कसूर करणाऱ्या सरदाराची जमीन जप्त. प्रतिज्ञापत्रांचा ढीग कसा असतो ते मी रोज पाहतो, पण इथे त्या ढिगाखाली शेकडो वर्षांचा जकातीचा हक्क गाडला गेला. ताकेयोशीचा झेंडा आता नुसते कापड झाला होता.

मग ह्याच समुद्री लोकांना हिदेयोशीने कोरियावर धाडले. तिथे यी सुन-शिनचे आरमार होते. जाड पाइन लाकडाची भक्कम जहाजे आणि त्यांवर भरपूर तोफा. जवळ येऊ देतच नाहीत, तर उडी मारणार कुठे? १५९२ साली हान्सान बेटापाशी वाकिझाका यासुहारूच्या ७३ तारवांपैकी ५९ गेली. किझुच्या मुखाशी तोफेचा जो धडा कुकीने दिला होता, तो चौदा वर्षांनंतरही सगळ्या आरमाराने गिरवलेला नव्हता. १५९७ साली म्योंगन्यांगच्या खाडीत यी सुन-शिनने अवघ्या १३ जहाजांनिशी शंभराहून अधिक तारवांना तोंड दिले. तिथे मुराकामींच्या कुरुशिमा शाखेचा मिचिफुसा मारला गेला. जन्मभर जोरदार प्रवाहात वाढलेला माणूस दुसऱ्याच्या प्रवाहात संपला.

कुकी योशिताकाचा शेवट त्याहून करुण. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या युद्धात बाप एका पक्षात आणि मुलगा मोरिताका दुसऱ्या. मुलाचा पक्ष जिंकला. मुलाने बापासाठी माफी मिळवली, पण ती पोचण्याआधीच बापाने तोशी बेटावर पोट चिरून घेतले.

नंतर तोकुगावांनी १६०९ साली पश्चिमेकडच्या सरदारांची ५०० कोकुंवरची (तांदळाच्या मापाने, म्हणजे सुमारे ७५ टन) जहाजे काढून घेतली. कुकींना १६३३ मध्ये सांदा आणि आयाबे येथे जहागिऱ्या मिळाल्या, दोन्ही डोंगरांत, समुद्रापासून दूर. कुरुशिमांचे ठाणेही क्यूशूच्या डोंगराळ भागात हलले आणि त्यांनी आपल्या नावाची अक्षरेसुद्धा बदलली. नोशिमावाले मोरींच्या चाकरीत राहिले.

इमाबारी शहरात २००४ साली ह्या लोकांचे संग्रहालय निघाले, तेव्हा त्याच्या नावात ‘सुइगुन’ होते, म्हणजे आरमार. २०२० साली ते नाव बदलून ‘कायझोकु’ केले, म्हणजे चाचे. लोकांना तोच शब्द जास्त आवडतो म्हणे. समोरच नोशिमा दिसते. बेट ओसाड आहे. पर्यटकांना होडीत बसवून त्याच्या भोवतीच्या भोवऱ्यांतून फिरवून आणतात, आणि ओहोटीला खडकांत कोरलेली गोल भोके उघडी पडतात. धक्क्याचे आणि तारवे बांधायचे खांब त्यांत रोवलेले असत.