कैदेंतील सापाची फांदी



साप म्हटला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोनच जागा येतात : एक वारूळ आणि दुसरी गारुड्याची टोपली. दोन्ही जमिनीवरच्या. शाळेच्या पुस्तकांनीं या प्राण्यांस ‘सरपटणारे’ असें नांव दिलें, आणि सरपटावयाचें तें भुईवरच असा सर्वांचा समज होऊन बसला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील मनुष्यास मात्र हा समज फारसा बाधला नाहीं. पानांत पान होऊन बसलेला हिरवा हरणटोळ, खोडावरून सरसर वर जाणारा रुखई, रात्रीं फांद्यांतून हिंडणारा मांजऱ्या हे त्याच्या नित्य पाहण्यांतले. अंडीं-पिलें शोधीत धामण झाडावर चढते, आणि अजगराचें पिलूं लहानपणाचा बराचसा काळ झाडावरच काढतें.

माणसानें कोंडून ठेवलेल्या सापाच्या घरांत ही फांदी केव्हां आणि कशी आली, तिचा थोडका इतिहास आज सांगावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या प्राण्याला आपण रानांतून उचलून आणतों त्याची ओळख आपल्याला कितपत पटली आहे, हें या एका लाकडाच्या तुकड्यावरून बरेंचसें कळतें.

आरंभ टोपलीपासूनच करूं. गारुड्याची टोपली वीतभर उंच आणि वेटोळें मावेल एवढीच रुंद. तींत नागाला अंग लांब करावयास देखील जागा नसे, मग चढण्याची गोष्टच नको. विषाचे दांत पाडलेले, कित्येकदां तोंड शिवलेलें. नागपंचमीला पुढें दूध ठेवावयाचें, जें सापाचें अन्नच नव्हे. असा नाग फार दिवस जगत नसे, आणि तो मेला कीं दुसरा पकडला जाई. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याची रीत याहून निराळी होती. तेथें नागपंचमीपूर्वीं नाग पकडून मडक्यांत ठेवीत, त्यांची मिरवणूक काढीत आणि नंतर रानांत सोडून देत. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळें जिवंत नागाची मिरवणूक बंद पडली. मडकें हें घर म्हणून टोपलीहून मुळींच बरें नव्हतें. त्यांतला मुक्काम थोडक्या दिवसांचा होता, एवढेंच काय तें सुख. आमच्या जिल्ह्यांतही नागपूजा जुनी आहे. भद्रावतीस भद्रनागाचें देऊळ प्रसिद्ध आहे. परंतु त्या दगडी देवाला हवापाण्याची वा फांदीची चिंता करावी लागत नाहीं.

सापासाठीं म्हणून मुद्दाम बांधलेलें घर प्रथम उघडलें तें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत, १८४९ सालीं. जगांतील असें तें पहिलें. त्या काळीं साप कसा हाताळावा याचें ज्ञान बेताचेंच होतें. १८५२ सालीं तेथील एका रखवालदारास नागानें दंश केला आणि तो मरण पावला. पिंजरे होते ते प्रेक्षकांच्या सोयीचे : पुढें कांच, खालीं अंथरूण, साप समोर दिसला म्हणजे झालें.

या प्रकाराला खरें वळण दिलें तें जोन प्रॉक्टर या बाईंनीं. यांचा जन्म १८९७ चा. शाळकरी वयांत यांनीं मगरीचें पिलूं पाळलें होतें आणि एके दिवशीं तें गणिताच्या तासाला वर्गांत आणलें, अशी आख्यायिका आहे. (ज्यानें गणिताचे तास घेतले आहेत त्याला त्या शिक्षकाविषयीं सहानुभूति वाटल्यावांचून राहणार नाहीं.) प्रकृति कायमची नाजूक, पण बुद्धि तल्लख. लंडनच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या, आणि १९२७ सालीं उघडलेलें नवें सर्पगृह त्यांच्याच कल्पनेप्रमाणें उभें राहिलें. पिंजऱ्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी ऊब राहील अशी विजेची योजना, सूर्याच्या अतिनील किरणांस आंत येऊं देणारी कांच, आणि कृत्रिम खडक असें त्या घराचें रूप होतें. येथून पुढें सापाचें घर ही नुसती ठेवण्याची पेटी राहिली नाहीं. प्राणी तेथें आपली जागा आपण निवडील, ही कल्पना तींत शिरली. प्रॉक्टरबाई १९३१ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारल्या. सुंबावा नांवाचा कोमोडो द्वीपावरील प्रचंड सरडा त्यांच्या मागून प्राणिसंग्रहालयांत फिरे, ही हकीकत त्यांच्याविषयीं अजून सांगितली जाते.

आपल्याकडे त्याच सुमारास साप कोंडले जात होते ते मुख्यतः औषधासाठीं. मुंबईस १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं निघालेली प्रयोगशाळा १९२५ सालीं हाफकिन संस्था झाली, आणि पुढें सर्पदंशावरील लस तयार करण्याचें काम तेथें चाललें. जेथें सापाचें विष काढावयाचें तेथें पेटी मोकळी ठेवतात, हें समजण्याजोगें आहे. फांदीआड दडलेली घोणस शोधीत हात घालणें म्हणजे मरणाला आमंत्रण. शिवाय मोकळी पेटी लवकर धुतां येते. मात्र प्रयोगशाळेची ही सोय पुढें कित्येक प्राणिसंग्रहालयांनींही कारण नसतां उचलली, आणि साप म्हणजे चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यांतलें वेटोळें असें चित्र लोकांच्या मनांत पक्कें झालें.

आतां आमच्या जिल्ह्यांकडे वळूं. १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हां गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो चंद्रपुरांतून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांच्या औषधपाण्यास तेथें जाऊन राहिले. एके दिवशीं माडिया शिकारी मारलेलीं माकडें घेऊन जात असतां एका मेलेल्या मादीला तिचें जिवंत पिलूं बिलगलेलें डॉक्टरांना दिसलें. तें त्यांनीं मागून घेतलें. येथून त्या अनाथालयाचा आरंभ झाला. मग बिबटे आले, अस्वलें आलीं, अजगर आणि विषारी सापही आले. विलास मनोहर यांचें ‘नेगल’ हें पुस्तक या सोबत्यांविषयींचेंच आहे. २००८ सालीं आमटे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हां जगाला हें ठिकाण कळलें. माडियांना तें आधींपासून ठाऊक होतें.

या अनाथालयाचें महत्त्व माझ्या मतें असें. शहरांतील प्राणिसंग्रहालय प्राणी रानांतून दूर नेतें. येथें प्राणी रानाच्या मध्यावर राहिला. हरणटोळ कोणत्या झुडुपावर बसतो, अजगर कोणत्या ढोलींत शिरतो, हें पाहण्यास पुस्तक उघडावें लागत नाहीं, कुंपणाबाहेर जावें लागतें.

पुण्यास नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास कांचेच्या खोलींत काढले. लोकांची भीति थोडी कमी झाली, आणि १९८६ सालीं कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. परंतु बहात्तर तासांचा प्रयोग निराळा आणि दहा-बारा वर्षांचा संसार निराळा. १९९२ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें, आणि प्राण्याला त्याच्या स्वभावानुरूप घर द्यावें ही गोष्ट मर्जीची न राहतां नियमाची झाली.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतील एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. अंडीखाऊ साप नांवाचा एक दुर्मिळ साप आहे. शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन १८६३ सालीं केलें, तें बंगालमधील रंगपूरकडच्या नमुन्यावरून. पुढें शंभराहून अधिक वर्षांत तो मोजक्याच वेळां दिसला. तो २००३ सालीं वर्ध्याकडे सांपडला आणि २००५ सालीं त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध झाली. हा रात्रीं झाडाझुडपांवर चढून पक्ष्यांचीं अंडीं गिळतो. मणक्यांचीं टोंकें अन्ननलिकेंत आलेलीं असतात, त्यांवर अंडें फुटतें. असा साप सपाट पेटींत ठेवून त्याच्यापुढें अंडें ठेवलें, तर त्याच्या जीवनाचा अर्धाच धडा आपल्याला वाचावयास मिळेल.

फांदी दिल्यानें सापाचें खरोखर कांहीं भलें होतें काय, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेंतील टेनेसी विद्यापीठांत गॉर्डन बर्गहार्ट यांच्या प्रयोगशाळेनें २००६ सालीं यावर निबंध प्रसिद्ध केला. उंदीर खाणाऱ्या सापांपैकीं कांहीं मोकळ्या पेटींत आणि कांहीं चढण्या-लपण्याची सोय असलेल्या पेटींत वाढविले. दुसऱ्या गटांतील साप नव्या परिस्थितीला लवकर सरावले आणि समोर मांडलेलें कोडें त्यांनीं अधिक चांगलें सोडविलें. सापाला शिकतां येतें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

परंतु फांदी देणें सोपें, ती बसविणें कठीण, आणि घात होतो तो येथेंच. कोपऱ्यांत तिरकी टेकविलेली फांदी हरणटोळाला पुरेल. त्याच फांदीवर अजगर चढला तर ती त्याला घेऊन खालीं येईल. म्हणून फांदी दोन्ही टोंकांस धरलेली हवी, आणि बोल्ट बाहेरून कसलेला, म्हणजे त्याचें टोंक आंत राहणार नाहीं. अजगरासाठीं बसविलेल्या फळीवर माणूस उभा राहून पाहावा; तिनें त्याला पेललें तरच ती खरी. तारेनें बांधूं नये, कारण तारेचें टोंक कातडी फाडतें. चिकटपट्टी तर कदापि नको; तिला चिकटलेला साप सोडवितांना खवलेच निघून येतात. खडक ठेवावयाचा तर तो पिंजऱ्याच्या तळावर बसवून मग भोंवतीं वाळू पसरावी. वाळूवर ठेवला तर साप खालीं उकरून शिरतो आणि चिरडतो.

लाकूड खरबरीत सालीचें असावें. रुखईच्या पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंस कणा असतो, तो सालीच्या बारीक खांचांत अडकवून तो वर जातो. रंधा मारलेल्या गुळगुळीत दांड्यावर त्याचें कांहीं चालत नाहीं. कात टाकतांनाही हाच खरबरीतपणा उपयोगी पडतो. जाडी सापाच्या अंगाएवढी किंवा थोडी अधिक. आमच्याकडे बांबू मुबलक, पण तो निसरडा. त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी लागते आणि घुणा लागला नाहीं ना हें पाहावें लागतें. सालईची फांदी घेऊं नये, तिच्यांतून डिंक पाझरतो. कोणतीही फांदी आंत नेण्यापूर्वीं झाडून, उन्हांत चांगली वाळवून घ्यावी. तिच्यांत मुंग्यांचें बिऱ्हाड असलें तर कात टाकावयास आलेल्या सापाचे हाल होतात.

हें सर्व वाचून कोणाला घरीं धामण पाळण्याची इच्छा झाली, तर ती आवरावी. १९७२ च्या कायद्यानें धामणीसारखा संरक्षित देशी साप घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. परदेशांतून आणलेले अजगराच्या जातीचे साप कांहीं शहरी लोक पाळतात. त्यांपैकीं आंतरराष्ट्रीय करारांतल्या जातींची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारकडे करावी लागते. आमच्या भागांत ही विद्या लागते ती वनखात्याच्या चंद्रपूर येथील उपचार केंद्रासारख्या ठिकाणीं, जेथें जखमी प्राणी बरा होईपर्यंत राहतो.

एक गोष्ट मात्र परदेशी पुस्तकांत सांपडत नाहीं. ऊब वर असावी आणि गारवा खालीं, असें तीं सांगतात; लंडनच्या थंडींत तें योग्यच. चंद्रपुरास वैशाखांत पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हां पत्र्याखालची वरची फळी म्हणजे तापलेला तवा होते. येथें चढण्याची जागा भिंतीच्या मध्यावर, सावलींत द्यावी लागते, वर गवताचें छप्पर घालावें लागतें, आणि खालीं अजगराला पुरतें अंग बुडवितां येईल एवढें पाण्याचें टांकें हवें. त्या महिन्यांत अजगर बहुधा टांक्यांतच पडून असतो आणि फांद्या रिकाम्या दिसतात. त्या वेळीं त्या काढून टाकूं नयेत. बोल्ट तपासून, सैल झाले असल्यास आवळून ठेवावे, कारण मृगाचा पाऊस पडला कीं तो पुन्हा वर चढूं लागतो.