तुघियानीनंतरची मुसी



हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत ‘तुघियानी’ हा शब्द अजून ऐकू येतो. २८ सप्टेंबर १९०८चा मुसीचा महापूर. सुमारे १५,००० माणसं गेली असं मानतात. अफझलगंज, कोलसावाडी, घांसी बाजार असे नदीलगतचे मोहल्ले वाहून गेले.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले. शहर पुरापासून सावरलं, नळाला चांगलं पाणी आलं. सुलतान बाजार, काचीगुड्याची आमची पिढी त्याच पाण्यावर वाढली.

दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. वरचं पाणी अडल्यावर, पावसाळा सोडला तर, शहरातल्या मुसीला स्वतःचं पाणी फारसं उरलं नाही. वस्ती वाढली तशी तिच्यात आपली गटारं आली. बालानगर, जीडीमेटलाच्या कारखान्यांचं पाणीही नाल्यांतून आलं. नदी बारमाही झाली ती सांडपाण्याने.

याची झळ कोणाला? काठावरचे धोबी, मासे धरणारे, आणि पॅरा गवत कापणाऱ्या बाया. हे गवत सांडपाण्यावर वर्षभर हिरवंगार असतं. शहरातल्या म्हशींचा हाच चारा, आणि त्या म्हशींचं दूध आपल्या चहात. १९८५च्या सुमारास आमच्या शाखेत अशी एक बाई पैसे काढायला येई. दिवसभर काळ्या पाण्यात हात. बोटांची कातडी इतकी सोलवटलेली की शाईचा अंगठा नीट उमटत नसे, दोन-तीनदा घ्यावा लागे. विचारलं तर म्हणे, “पानी काटता, साब.”

२०२४ मध्ये नदी सुधारायची म्हणून चादरघाटजवळच्या मूसानगर, शंकरनगर भागात घरांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. काही घरं पाडली, लोकांना दूरची सरकारी घरं दिली. डोक्यावर छप्पर मिळालं, पण धुणीभांडी, हमाली, हातगाडी ही कामं तर जुन्या वस्तीजवळच राहिली.

नदी स्वच्छ व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण हिशेब बघा. पुरात काठावरचे गेले, पुढे घाण काठावरच्यांनी सोसली, आणि आता सफाईसाठी घरही त्यांनीच सोडायचं. गटार मात्र आपल्या सगळ्यांच्या घरातून निघतं. मुसी सुधारण्याचा खर्च मांडताना त्यांची रोजीरोटीही त्यात धरली पाहिजे.

तुमच्या घरी येणारे धोबी, दूधवाले मुसीकाठचे होते का? आठवत असेल तर जरूर लिहा. त्यांचा इतिहास दुसरं कोणी लिहून ठेवलेला नाही.