थॅक्सटेडच्या मॉरिसचं कूळ

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात थॅक्सटेड नावाचं जुनं बाजाराचं गाव आहे. पंधराव्या शतकातला लाकडी सांगाड्याचा गिल्डहॉल, त्याच्या वरच्या अंगाला उंच मनोऱ्याचं चर्च आणि तिथून खाली उतरणारा टाउन स्ट्रीट. दरवर्षी मे सरून जून लागण्याच्या सुमाराला मॉरिस नाचणारी पथकं इथे जमतात. शनिवारी दिवसा ती आसपासच्या खेड्यांत पबच्या दारी नाचतात आणि नंतर सगळी थॅक्सटेडच्या रस्त्यावर एकत्र येतात.

बहुतेकांचे कपडे पांढरे, हातात रुमाल नाहीतर काठ्या. घुंगरं घोट्याशी नसतात. चामड्याच्या पट्ट्यावर शिवून ती गुडघ्याखाली बांधलेली असतात. सहा जण समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, आणि एकाचं जरी पाऊल उशिरा पडलं तरी घुंगरं लगेच चुगली करतात. अंधारून येताना शिंगांचा नाच होतो. तो मूळचा स्टॅफर्डशरमधल्या अ‍ॅबट्स ब्रॉम्ली गावचा. तिथली रेनडिअरची शिंगं अकराव्या शतकातली असल्याचं कार्बन चाचणीत दिसून आलं आहे. थॅक्सटेडमध्ये हा नाच एकट्या व्हायोलिनच्या सुरावर चालतो. शिंगं धरलेले सहा जण आणि त्यांच्यासोबत लाकडी घोडा, धनुर्धारी, विदूषक.

हे सगळं पाहून उत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असावा, असंच वाटतं. नाच जुना आहे यात शंका नाही. लंडनच्या सोनारांच्या संघाने १४४८ साली मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची नोंद आहे. थॅक्सटेडमधली परंपरा मात्र विसाव्या शतकातली आहे, आणि तिची सुरुवात लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींपासून होते. ही गोष्ट बराच काळ मागे ढकलली गेली, म्हणून ती नीट सांगायला हवी.

१८९९च्या नाताळात, २६ डिसेंबरला, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये संगीतशिक्षक सेसिल शार्प सासुरवाडीला उतरले होते. घरासमोर मॉरिसचं पथक आलं. खरं तर हा नाच वसंत ऋतूतला, पण थंडीमुळे बांधकामं बंद पडली होती आणि चार पैसे मिळवायला माणसं भर हिवाळ्यात बाहेर पडली होती. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर गवंडी होता. नाच त्याला वडिलांकडून मिळाला होता. दुसऱ्या दिवशी शार्पनी त्याला बोलावून पाच चाली टिपून घेतल्या. चाली अशा कागदावर उतरल्या, पण पावलं अजून हेडिंग्टनकरांच्याच पायांत होती.

ती बाहेर आणली मेरी नील यांनी. लंडनच्या कपड्यांच्या कारखान्यांत दिवसदिवस सुई चालवणाऱ्या मुलींसाठी त्यांनी आणि एमेलिन पेथिक यांनी १८९५ साली एस्पेरान्स क्लब काढला होता. १९०५ साली नील शार्पकडे गेल्या. मुलींना लोकगीतं आवडत होती, त्यांना जोडीला नाच मिळतील का, हा त्यांचा प्रश्न होता. शार्पनी किंबरचं नाव सुचवलं. नील हेडिंग्टनला गेल्या, आणि किंबर आपल्या चुलतभावाला घेऊन लंडनला आला. परंपरा ज्याच्या घरची, त्याने ती मुलींच्या हाती द्यायला आढेवेढे घेतले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे याच मुली शिक्षिका होऊन देशभर हिंडल्या. शार्पच्या १९०७च्या ‘द मॉरिस बुक’ची अर्पणपत्रिकाही या क्लबच्या मुलींच्या नावे आहे.

थॅक्सटेडला कॉनरॅड नोएल १९१० साली पाद्री म्हणून आले. ते कट्टर समाजवादी. पुढे त्यांनी चर्चमध्ये लाल झेंडा लावला आणि त्यावरून मोठं रणकंदन माजलं. देवळाइतकाच आनंदही गावाचा असावा, असा त्यांचा आणि पत्नी मिरियम यांचा आग्रह होता. १९११ साली मिरियमबाईंनी गावातल्या तरुणांना मॉरिस शिकवण्यासाठी एस्पेरान्स क्लबकडून शिक्षिका बोलावली. थॅक्सटेडचं पथक तिथून सुरू झालं.

त्याच वर्षी शार्पनी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली. नील आणि त्यांचं आधीच बिनसलं होतं. शार्पना प्रत्येक पाऊल काटेकोर हवं होतं, नीलना नाचातली ऊर्मी महत्त्वाची वाटे. मॉरिस हा मुळात पुरुषांचा प्राचीन विधी, हे शार्पचं मत पुढे रुजलं. पहिल्या महायुद्धात एस्पेरान्सचं काम थांबलं आणि मैदान शार्पच्या बाजूने मोकळं झालं.

१९३४ साली मॉरिसच्या पथकांचा संघ उभा राहिला, त्याचं नाव मॉरिस रिंग. जूनमध्ये पथकं थॅक्सटेडला जमली आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये संघाची रीतसर स्थापना झाली. पुढाकार केंब्रिजच्या पथकाचा. चीनच्या विज्ञानाचा इतिहास लिहिणारे जोसेफ नीडहॅम त्याच पथकात नाचत असत. आजचं थॅक्सटेडचं संमेलन त्या जूनच्या भेटीतून वाढलं. सभासदत्व मात्र पुरुषांच्या पथकांनाच होतं. ज्या गावात एका शिक्षिकेने मॉरिस आणला, त्याच गावी जमलेल्या संघाने स्त्रियांना बाहेर ठेवलं, याची मला आजही चीड येते.

स्त्रियांनी वाट पाहिली नाही. १९७०च्या दशकात त्यांनी स्वतःची पथकं काढली आणि १९७५ साली वेगळा महासंघ स्थापला. किंबरने ७० वर्षांपूर्वी जे सहज केलं होतं, तेच त्यांनी नव्याने हक्काने मागून घेतलं. मॉरिस रिंगने अखेर २०१८ साली नियम बदलला. कोणाला नाचू द्यायचं, हे आता प्रत्येक पथक आपलं आपण ठरवतं.