आकाशक, दूरचित्रवाणीचा घरगुती

दूरचित्रवाणीचे रेडिओ तरंग ग्रहण करण्यासाठी ॲल्युमिनियमाच्या नळ्यांपासून घरी किंवा स्थानिक कारागिराकडून बनवून छपरावर उभारलेली रचना. व्यवहारात तिला ‘अँटेना’ म्हणतात. महाराष्ट्रातील तिचा इतिहास हा मुख्यतः प्रक्षेपकापासूनच्या अंतराचा इतिहास आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरून पुणे परिसरासाठी सहक्षेपण होऊ लागले. मुंबईच्या प्रक्षेपणाची कंप्रता ६१–६८ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सु. ४·६ मी. होती. त्यामुळे मुख्य नळी (द्विध्रुव) अर्ध्या तरंगलांबीहून किंचित आखूड, सु. २·२ मी. ठेवीत. तिच्यामागे थोडी लांब परावर्तक नळी व पुढे आखूड दिग्दर्शक नळ्या बसविल्या म्हणजे एकाच दिशेकडील संकेत अधिक प्रबळ मिळे. हिदेत्सुगू यागी व शिंतारो उदा या जपानी अभियंत्यांनी १९२६ मध्ये मांडलेली ही रचना करवत व मोजपट्टी यांच्या साहाय्याने करता येई.

तथापि हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात १० मी. उंच आकाशकाचे रेडिओ क्षितिज सु. १३ किमी. व २० मी. उंचीचे सु. १८ किमी. असते, म्हणजे खांब दुप्पट करूनही लाभ पाचच किमी.चा. बालाघाटच्या डोंगररांगेतील येडशी (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) सिंहगडापासून २०० किमी.हून अधिक दूर असल्याने तेथे केवळ उंच खांब पुरेसा नव्हता. १९७५-७६ मधील उपग्रह शैक्षणिक प्रयोगात उस्मानाबादला लागून असलेल्या कर्नाटकातील गुलबर्गा जिल्ह्याच्या खेड्यांत तारेच्या जाळीच्या ३ मी. व्यासाच्या थाळ्यांद्वारे कार्यक्रम दिसले. महाराष्ट्राचा मात्र त्यात समावेश नव्हता.

इन्सॅट-१बी उपग्रह (१९८३) व त्यावरून कार्यक्रम घेणारे लघुशक्ती प्रक्षेपक यांमुळे १९८४ नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत प्रक्षेपण पोहोचू लागले. या प्रक्षेपकांचा पल्ला सु. २५ किमी.पर्यंतच असल्याने त्याच्या कडेच्या गावांत घरगुती आकाशकाला विशेष महत्त्व आले. एकजण छपरावर खांब फिरवी व दुसरा खालून चित्र पाहून सांगे. ग्राहीचे परवाना शुल्क १९८५ मध्ये रद्द झाल्यावर प्रक्षेपण पूर्णतः विनामूल्य झाले.

२०२२ पर्यंत बहुतेक सदृश भूप्रक्षेपक बंद झाले. २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या विनामूल्य उपग्रह सेवेची छोटी थाळी दूरच्या गावांतही चालत असल्याने प्रक्षेपकापासूनचे अंतर गौण ठरले. मात्र नळ्या कापून घरीच आकाशक बनविण्याचे कौशल्यही त्याबरोबर मागे पडले.